उसने डोळे

परदेशात आलं की गावची माणसं आठवतात म्हणे. मला त्यांचे कान आठवतात. कान, जबड्याची हाडं, नाकाच्या शेंड्यावर पडलेला उजेड. उभा जन्म तैलरंगात लोकांचे चेहरे रंगवून पोट भरलं, त्यामुळे मला माणूस सबंध असा आठवतच नाही. तुकड्यातुकड्यांनी आठवतो आणि मग ते तुकडे जुळवत बसावं लागतं.

सध्या मी रियाधला मुलाकडे असतो. बायको गेल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, गावात एकटे बसून काय करणार? चला तिकडं." फॅमिली व्हिजिटचा व्हिसा काढला आणि मला घेऊन आला. तो इथल्या एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम बघतो, सून भारतीय शाळेत शिकवते आणि नात त्याच शाळेत शिकते. सकाळी सगळे बाहेर पडले की घरात उरतो मी आणि एसी. दोघंही दिवसभर कुरकुरत असतो.

मुलगा मनानं चांगला आहे. मी आल्याआल्या त्यानं माझ्यासाठी कॅनव्हास आणले, लाकडी ईझल आणलं. रंगांच्या ट्यूबा आणि ब्रश मी गावाहून धोतरात गुंडाळून आणले होते. "आता निवांत चित्रं काढा," तो म्हणाला. पण माझ्यासारख्याला निवांतपणा घेऊन काय करायचंय? मला समोर माणूस लागतो. खुर्चीत अवघडून बसलेला, दर थोड्या वेळानं "झालं का हो?" विचारणारा, नाकावर बसलेली माशी हाकलू की नको या विवंचनेत पडलेला माणूस. असं समोर बसण्याला आमच्या धंद्यात बैठक म्हणतात. इथे बैठकीला कोण बसणार? मुलाच्या मीटिंगा घरी आल्यावरही संपत नाहीत, सून पेपर तपासत असते, आणि नात खुर्चीत बसली तरी तिची मान मोबाइलमध्ये असते.

उजेडाचंही तेच. इथे ऊन इतकं की डोळ्यांत खुपतं, म्हणून सगळ्या खिडक्यांना काळी फिल्म लावलेली. उन्हात चित्र होत नाही, चित्राला उत्तरेचा शांत उजेड लागतो. घरभर हिंडून मी शोध लावला की नातीच्या खोलीची खिडकी बरोबर उत्तरेला आहे. मग एका सकाळी, सगळे बाहेर गेल्यावर, तिथली फिल्म नखांनी आणि पॅलेट नाइफनं खरवडून काढली. घरात दोन दिवस गहजब झाला. घरमालकाला काय सांगायचं, इथपासून माझं वय झालं, इथपर्यंत सगळी चर्चा माझ्या देखत झाली. मी ऐकून घेतलं आणि ईझल तिथंच मांडलं.

कारण मला बायकोचं चित्र करायचं होतं. बाकी काहीच करायचं नव्हतं.

लोकांना नवल वाटतं, की आख्ख्या तालुक्याची तोंडं रंगवली आणि बायकोचं एक चित्र नाही? नाही. ती बसलीच नाही कधी. आमच्या कृष्णाकाठच्या गावांत माणूस जिवंत असेपर्यंत त्याचं तैलचित्र कोणी करून घेत नाही. दहावं, बारावं उरकलं की घरची मंडळी एखादा फोटो पिशवीत घालून माझ्याकडे येत, वर्षश्राद्धाला चित्र तयार हवं असे. कारखान्याचे चेअरमन, शाळेचे संस्थापक, पैलवान, किराणा दुकानदार, सगळे माझ्याकडे आले ते गेल्यानंतरच. माझ्या कामाच्या खोलीत अशा मंडळींचा कायम राबता. बायको चहा घेऊन आली की ईझलकडं बघून विचारायची, "हे कधी गेले?" मी म्हणायचो, "बैस जरा, तुझं करतो." की लगेच फटकारायची, "मी काय मेलीय? हार घालायची घाई झालीय व्हय तुम्हाला?"

"अगं, जिवंत माणसांचीपण करतात."

"ती राजेराण्यांची. मला भाकऱ्या थापायच्यात."

संपलं. भाकरीपुढे तैलचित्राचं काय चालणार? मीही हसून सोडून द्यायचो. रोज समोर असणारा चेहरा, तो कुठं पळून जातोय, असंच वाटायचं.

तर तो चेहरा पळून चालला होता. ती गेल्यावर पहिले काही महिने डोळे मिटले की दिसायची. मग नुसता आवाज राहिला. इथे आल्यावर एकदा सहज कोळसा घेऊन कागदावर तिचा डोळा काढायला गेलो आणि हात थबकला. तिची डावी पापणी उजवीपेक्षा अंमळ खाली होती, एवढं पक्कं. पण डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला एक घडी होती, ती वर वळायची की खाली? मला सांगता येईना. परक्या चेअरमनच्या भुवईतला तुटलेला केस मला आजही आठवतो, आणि जिच्या हातचं जन्मभर जेवलो तिच्या डोळ्याची घडी आठवत नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही. सुनेला वाटलं, भाजी आवडली नाही.

आमच्या धंद्याची एक रीत आहे, ती बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. गेलेल्या माणसाचं चित्र नुसत्या फोटोवरून करत नाहीत. फोटोतून हाडं मिळतात. कातडीचा रंग, पापणीची जाडी, डोळ्यातला ओलावा मिळत नाही. म्हणून घरातलं तसं दिसणारं कुणीतरी बैठकीला मागवायचं. भावाचे कान घ्यायचे, मुलीचा रंग घ्यायचा, पुतण्याचा गळा घ्यायचा, आणि असं करत करत गेलेला माणूस उभा करायचा. एका पाटलांचे डोळे मी त्यांच्या धाकट्या बहिणीवरून रंगवले होते. मी त्याला उसनवारी म्हणायचो. घरच्यांना कधी खटकलं नाही.

बायकोसाठी उसनं कुणाकडून घ्यायचं? मुलगा माझ्यावर गेलाय, बिचारा. तिला एक भाऊ, तो त्यांच्या वडलांवर. नातीची हनुवटी तेवढी आजीची आहे. ती मिळवण्यासाठी मी तिला लाडीगोडी लावून खुर्चीत बसवलं.

"आजोबा, माय नेक इज डेड," ती थोड्याच वेळात म्हणाली.

"मानेला काही होत नाही. हनुवटी वर कर."

"फोटो अपलोड केला ना, की ॲप लगेच पेंटिंग करून देतं. एनी स्टाइल."

"त्या ॲपनं तुझ्या आजीच्या हातचं खाल्लंय का?"

"नो, बट..."

"मग हनुवटी वर."

अशी हनुवटी आली. कपाळ, नाक आणि केसांची ठेवण फोटोंवरून आली. गळ्याचा रंग मी सुनेकडून घेतला, तीही सांगलीकडचीच आहे. डोळे मात्र राहिले. तिचे फोटो सगळे असेच. लग्नातल्या फोटोत मान खाली. आधार कार्डावर ती ओळखू येत नाही, पण तिथं कोणच येत नाही. मोबाइलमधल्या फोटोंत उन्हानं डोळे बारीक केलेले. मी काढायचो, पुसायचो, परत काढायचो. नातीच्या खोलीत तिची डोळे नसलेली आजी उभी राहिली. "इट्स क्रीपी, आजोबा," असं म्हणून ती झोपताना चित्रावर बेडशीट टाकू लागली. मला राग आला नाही. मलाही ते बघवत नव्हतं.

धुळीनं असेल किंवा बंद घरातल्या टर्पेंटाइननं असेल, माझे स्वतःचेच डोळे चुरचुरायला लागले. मुलानं अर्धा दिवस रजा काढली आणि मला एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आपल्या अमरावतीच्या. गेली बरीच वर्षं इथे आहेत, अरबी फाडफाड बोलतात. मुलगा माझा पासपोर्ट घेऊन काउंटरवर उभा राहिला आणि मी बाकावर जाऊन बसलो.

समोरच्या बाकावर एक सौदी बाई बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या असाव्यात. नखशिखान्त काळा वेश, तोंडावर नकाब, फक्त डोळे उघडे. शेजारी त्यांचा मुलगा, पांढराशुभ्र झगा घातलेला, धिप्पाड, हातात गाडीची किल्ली. बाईंनी मान वर केली आणि मी बाकावरून पुढे वाकलो.

डावी पापणी उजवीपेक्षा अंमळ खाली. बाहेरच्या कोपऱ्याला घडी, आणि ती खाली वळलेली. खाली! इतके दिवस मी ती वर वळवून बघत होतो, म्हणून ती येत नव्हती. बुबुळांचा रंगही तोच, काळा नव्हे, उकळलेल्या चहाचा असतो तसा.

पुढचं मी विचार करून केलं नाही. हात आपोआप खिशाकडे गेला, पेन निघालं. चित्रकार माप कसं घेतो? हात ताठ पुढे करायचा, एक डोळा मिटायचा, आणि ब्रशच्या दांड्यावर अंगठा सरकवून अंतर मोजायचं. मी तेच केलं. दोन डोळ्यांत एका डोळ्याचं अंतर असतं की जास्त, ते मोजलं. मग मान तिरकी करून, दोन्ही डोळे किलकिले करून छायाप्रकाश बघितला. मग परत एक डोळा मिटून माप. कामात असलो की समोर बाई आहे की मडकं आहे, याचं मला भान नसतं.

"एश फी?" तो मुलगा ताडकन उठला. काय चाललंय, एवढं अरबी मलाही कळतं. त्याच्यापुढचं कळलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून मला एकदम उमगलं, की दवाखान्यात भरदिवसा एक म्हातारा त्याच्या आईला डोळा मारतोय आणि वर हातवारेही करतोय. मी पेन खिशात घातलं. आजूबाजूची मंडळी वळून बघू लागली.

माझा मुलगा काउंटरवरून धावत आला. "बाबा, काय केलंत?"

"माप घेतलं."

"कसलं माप?"

"डोळ्यांचं. त्या बाईंच्या."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "सॉरी, मालेश, माय फादर इज ओल्ड, मालेश," असं तो हात जोडून म्हणू लागला आणि मधूनच माझ्याकडे वळून दातओठ खात, "बाबा, माझा इकामा जाईल, इथं राहायचा परवानाच जाईल, कळतंय का तुम्हाला?" असंही म्हणाला. आरडाओरडा ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी आधी त्या मुलाला शांत केलं, मग माझ्याकडे आल्या.

"काका, नक्की काय झालं? खरं सांगा, मला भाषांतर करायचंय."

मी सांगितलं. लपवण्यासारखं काय होतं? बायको गेली. तिचं चित्र करतोय. बाकी सगळं आलं, डोळे येत नाहीत. या बाईंचे डोळे तिचेच आहेत. सांगता सांगता मी चारचौघांत रडलो. माझा मुलगा खाली बघत राहिला. डॉक्टरीणबाईंनी ते सगळं अरबीत सांगितलं.

तो तरुण मवाळ झाला, पण हलला नाही. तुमच्या घरी दुःख झालं त्याचं वाईट वाटतं, पण चेहऱ्यांची चित्रं काढणं आमच्या घरात बरं मानत नाहीत, आणि माझ्या आईचं तर नाहीच नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. मला ते पटलं. माझ्या आईकडे कुणी असं पेन रोखलं असतं तर मी पेन हिसकावून घेतलं असतं.

तेव्हा त्या बाई पहिल्यांदा बोलल्या. आवाज जरा घोगरा होता. त्यांचा मुलगा काहीतरी बोलायला गेला तर त्यांनी त्याला असं काही एका वाक्यात गप्प केलं, की तो मुकाट्यानं खाली बसला. भाषा येत नसली तरी आईचा तो सूर ओळखू येतो.

"त्या म्हणाल्या, चेहरा कुठं मागतोय तो, डोळेच तर बघतोय," डॉक्टरीणबाई हसू आवरत मला म्हणाल्या. "पण काका, इथे कागद काढायचा नाही, पेनही नाही. त्यांचा नंबर येईपर्यंत बघायचं तर बघा. त्या काय, बसूनच आहेत म्हणे."

आणि त्या बसल्या. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर सरळ माझ्याकडे. इतकी चांगली बैठक मला उभ्या आयुष्यात कुणी दिली नाही. "झालं का?" नाही, चुळबुळ नाही. मी शिकत होतो तेव्हा आम्हाला एक सवय लावली होती, की टक लावून बघायचं, मग डोळे मिटून ते आत ठेवायचं, परत उघडून ताडून बघायचं. मी तसं करत राहिलो. पापणीची कड कुठे जाड आहे, घडी कुठे सुरू होते, खालच्या पापणीवर ओलाव्याची रेघ कशी चमकते, पांढऱ्या भागात किती निळं आणि किती पिवळं आहे. त्यांचा मुलगा दुसरीकडे तोंड करून किल्ली फिरवत होता. माझा मुलगा पासपोर्ट छातीशी धरून उभा होता. मला कुणाचंच काही वाटत नव्हतं. इतक्या दिवसांनी माझ्यासमोर कुणीतरी बसलं होतं आणि मी पुन्हा माझ्या कामाला लागलो होतो.

नंबर आला. बाई उठल्या, आत जाता जाता डॉक्टरीणबाईंना काहीतरी म्हणाल्या.

"तुमच्या मिसेसवर अल्लाची दया असो म्हणाल्या."

मी हात जोडले. नंतर डॉक्टरीणबाईंनी माझ्या स्वतःच्या डोळ्यांसाठी थेंब लिहून दिले, ते कधी घालायचे हे मी ऐकलंच नाही. गाडीत मी डोळे मिटून बसलो. बोललो असतो तर आत ठेवलेलं सांडलं असतं. घरी आल्यावर चपला काढून थेट ईझलसमोर गेलो. एरवी डोळ्यांना मला तीन-चार बैठका लागतात. त्या दिवशी ब्रश थांबलाच नाही. आधी पापणीची सावली, मग बुबुळं, मग ती घडी, खाली वळणारी. शेवटी दोन्ही बुबुळांवर उजेडाचे दोन ठिपके ठेवले आणि मागे सरलो.

ती होती.

सून शाळेतून आली, दारातच थांबली आणि पदर नसताना पदर धरावा तसा हात तोंडाशी नेला. नात म्हणाली, "ओह माय गॉड, आजी." मुलगा सगळ्यांच्या मागून आला. सकाळचा राग अजून त्याच्या चेहऱ्यावर होता. त्यानं चित्राकडं बघितलं आणि नातीच्या पलंगावर बसकण मारली. "आई," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. मी त्याला असं रडताना कधी बघितलं नव्हतं. ती गेली तेव्हा इथे त्याला निघायचा परवाना, मग तिकीट, मग मुंबईहून गाडी, असं करत तो गावी पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. आम्हाला थांबता आलं नव्हतं. तिचं तोंड त्याला दिसलं नव्हतं. ते आता दिसत होतं, आणि तो किती तरी वेळ तिच्याकडे बघत रडत होता.

मी बाजूला उभा होतो आणि मला काहीतरी खटकत होतं. आधी वाटलं, माप चुकलं. मोजलं, चुकलं नव्हतं. पापणी बरोबर, घडी बरोबर, रंग बरोबर. मग दुसऱ्या दिवशी, घर रिकामं झाल्यावर, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो तेव्हा लक्षात आलं.

चित्रातली बाई माझ्याकडे फार शांतपणे बघते. कुणा अनोळखी म्हाताऱ्याचं दुःख कळलेली, त्याच्यासाठी थोडा वेळ बसायला तयार झालेली भली बाई बघेल, तसं. माझी बायको माझ्याकडे अशी कधीच बघत नसे. ती वैतागून बघायची. आंघोळ राहिली म्हणून, रंगाचे हात टॉवेलला पुसले म्हणून, बाजारातून कडू दोडके आणले म्हणून. त्या वैतागाच्या आत काय असायचं ते मला माहीत होतं आणि तिला माहीत होतं, तिसऱ्या कुणाला नाही. मी डोळे हुबेहूब आणले, आणि त्या डोळ्यांनी ती मला ओळखत नाही. मला तो वैताग हवाय. बाकी काही नको. एकदा तिनं मान वर करून "झालं का तुमचं?" म्हणावं, एवढ्यासाठी मी केलेली सगळी चित्रं देऊन टाकीन.

कॅनव्हासवरचा रंग अजून ओला आहे. तैलरंग सावकाश वाळतो, खरवडायचं तर अजून खरवडता येईल. रोज सकाळी, सगळे गेले की, मी पॅलेट नाइफ घेऊन तिच्यासमोर बसतो आणि तसाच उठतो. कारण संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला की लॅपटॉपची बॅगही न ठेवता आधी या खोलीत येतो. दिवसभरात काय झालं ते तिला सांगतो, मॅनेजरला शिव्या घालतो, नातीचे मार्क सांगतो. इतकं तो माझ्याशी कधी बोलला नाही.

परवा सांगून झाल्यावर तो तिथंच जरा घुटमळला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, बघा ना, अजून तुमच्याकडंच बघतेय."

"हो रे," मी म्हटलं.